आंतरराष्ट्रीय निवासी शाळा: मुळशीच्या डोंगरावरची दोन वर्षे

युनायटेड वर्ल्ड कॉलेज या आंतरराष्ट्रीय निवासी शाळांच्या परिवारातली भारतातली एकमेव शाळा पुणे जिल्ह्यात आहे. मुळशी तालुक्यात पौडजवळ, खुबवलीच्या डोंगरावर ती १९९७ साली सुरू झाली. महिंद्र कुटुंबाच्या पुढाकाराने उभी राहिल्यामुळे तिचे नाव यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेज. नावात कॉलेज असले तरी ही पदवीची संस्था नव्हे. सोळा ते एकोणीस या वयाच्या मुलामुलींसाठी इथे दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम चालतो. आपल्या हिशेबाने अकरावी आणि बारावी. साधारण २४० विद्यार्थी एका वेळी इथे राहतात. ते जगभरातून येतात.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडून इंदापूरकडे जाताना लोणी देवकर लागते. उजनीचा फुगवटा जवळ, औद्योगिक वसाहत गावाला लागून, आणि भोवती ऊस, मका, डाळिंब. मुळशीत पावसाळ्यात डोंगर दिसेनासे होतात. इंदापूर तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरी दोन्ही भागांना जोडणारा एक धागा आहे. मुळशीचे धरण टाटांनी बांधायला घेतले तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे उठून वर आली. पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर आजही पाणी उतरले की उघडे पडते. धरणासाठी घर सोडलेल्या माणसांची नातवंडे दोन्हीकडे शाळेत जात आहेत.

लोणी देवकरच्या परिसरातल्या मुलांचा शिक्षणाचा रस्ता बहुतेक ठरलेला असतो. गावात जिल्हा परिषदेची शाळा, पुढे माध्यमिक विद्यालय, अकरावीला इंदापूर, भिगवण किंवा बारामती, आणि डॉक्टर-इंजिनिअर व्हायचे असेल तर लातूर किंवा पुणे. घराबाहेर राहून शिकणे या भागाला नवे नाही. बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या संस्थांमुळे आसपासच्या तालुक्यांतली मुले तिथे राहायला गेली. सहावीच्या प्रवेश परीक्षेत निवड झालेली मुले शिरूर तालुक्यातल्या पिंपळे जगतापच्या जवाहर नवोदय विद्यालयात जातात. सैन्यात अधिकारी व्हायची इच्छा असलेल्यांसमोर साताऱ्याची सैनिक शाळा असते. १९६१ मध्ये उघडलेली ती देशातली पहिली सैनिक शाळा. पैसा आणि हौस असलेल्या घरांनी पाचगणीकडे पाहिले. मुळशीच्या डोंगरावरची शाळा मात्र या रस्त्यांच्या नकाशावर फारशी आलेली नाही. जिल्हा एकच असूनही ती दूरची वाटते.

अशा शाळेकडे पाहताना पहिला प्रश्न असा पडतो की नेतृत्व शिकवता येते का. या शाळांच्या परिवाराचा जनक कुर्ट हान याने त्याचे उत्तर भाषणांतून फारसे दिले नाही, कामातून दिले. हान १८८६ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मला. जर्मन साम्राज्याचा शेवटचा चॅन्सेलर, बाडेनचा राजपुत्र मॅक्स, याच्या साथीने त्याने १९२० मध्ये झालेम इथे निवासी शाळा काढली. हिटलरच्या माणसांनी एका मजुराचा निर्घृण खून केला आणि हिटलरने खुन्यांची बाजू घेतली, तेव्हा हानने झालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले: हिटलरशी तरी संबंध तोडा, नाहीतर शाळेशी तरी. १९३३ मध्ये त्याला अटक झाली. ब्रिटनमधून दबाव आल्यावर सुटका झाली आणि तो तिकडेच गेला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये त्याने गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. शाळेने कोणत्या बाजूला उभे राहायचे हे मुख्याध्यापकाने स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवले, ही या परंपरेची सुरुवात आहे आणि तिचे मोल अभ्यासक्रमाच्या कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हानने नाटोच्या संरक्षण महाविद्यालयात एक गोष्ट पाहिली. काही वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी तिथे एकत्र बसून शिकत होते. मोठ्या वयात हे शक्य असेल तर सोळा-सतराव्या वर्षी, मने घट्ट होण्याआधी, ते अधिक सहज होईल असे त्याला वाटले. त्यातून १९६२ मध्ये वेल्समधल्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज उघडले. किल्ला समुद्राच्या कड्यावर आहे. खाली बुडणाऱ्या माणसांना वाचवण्याचे काम मुलांनी करायचे, हा तिथल्या शिक्षणाचा भाग ठरला. लाटांत नेहमीच्या बोटी टिकेनात, म्हणून पहिले मुख्याध्यापक, निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होर, आणि विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे खटपट करून कडक तळाची आणि हवा भरलेल्या कडांची बोट तयार केली. तिचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला एका पौंडात दिले गेले. आज जगभरात पूर आणि समुद्रातल्या बचावकार्यात ज्या रबरी कडांच्या वेगवान बोटी दिसतात, त्यांचे मूळ त्या शाळेच्या कार्यशाळेत आहे. कोणाचा तरी जीव आपल्यावर अवलंबून आहे हे कळले की सतरा वर्षांचा मुलगा दोरीची गाठ दोनदा तपासतो. हानला नेतृत्वाचा जो अर्थ अभिप्रेत होता तो त्या दुसऱ्यांदा तपासण्यात आहे.

आज या परिवारात अठरा शाळा आहेत आणि त्यांतल्या काहींचा इतिहास सांगण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद चालू असताना शेजारच्या स्वाझीलँडमध्ये, आताच्या एस्वातिनीमध्ये, १९६३ साली वॉटरफर्ड कामलाबा ही सर्व वर्णांच्या मुलांची शाळा निघाली. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या मुली तिथे शिकल्या. ती १९८१ मध्ये या परिवारात आली. बोस्नियातल्या मोस्तार शहराचे युद्धात दोन तुकडे झाले होते, तिथे २००६ मध्ये दोन्ही बाजूंची मुले एका इमारतीत शिकू लागली. शेतीवर बेतलेले एक कॉलेजही व्हेनेझुएलात काही वर्षे चालले. ऊसपट्ट्यातल्या वाचकाला त्याचे कुतूहल वाटेल, पण ते टिकले नाही.

महाराष्ट्राने ही कल्पना वेगळ्या वाटेने आणि आधीच आजमावली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढच्या काळात जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना जमीन आणि पैसा दिला. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. तेव्हाच्या समाजात मुले शिकायला बाहेर पडावीत यासाठी जातवार वसतिगृहे ही पहिली पायरी होती. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापुरात अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढची पायरी त्यांनी चढली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. दळण, स्वयंपाक, पाणी, शेतातले काम मुलेच करीत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

सातारा आणि वेल्स यांच्यात अडतीस वर्षांचे अंतर आहे आणि दोघांचा एकमेकांशी संबंध आल्याचे कुठे दिसत नाही. तरी दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट केली गेली. ज्यांनी एकमेकांच्या ताटातले खाऊ नये असे समाजाने ठरवले होते, त्यांना एकत्र राहायला लावले आणि त्या राहण्याचा भार त्यांच्याच खांद्यावर टाकला. आंतरराष्ट्रीय शाळा म्हटले की इंदापूर-बारामतीकडे परदेशी इमारत, इंग्रजी आणि मोठे शुल्क डोळ्यांपुढे येते. त्या चित्राशेजारी साताऱ्याचे ते वसतिगृह ठेवले की मुळशीतली शाळा परकी राहत नाही.

महिंद्र कॉलेजचा आराखडा वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी केला. ते मूळचे अमेरिकेतले, पण आयुष्याचा मोठा भाग पुण्यात राहिले आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. डोंगराच्या काळ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, चौक आणि पडव्या अशी ही रचना आहे. जमीन सपाट न करता उताराच्या कलाने बांधलेल्या इमारती पावसाळ्यात डोंगरातूनच वर आल्यासारख्या वाटतात. विद्यार्थ्यांच्या निवासाच्या गटांना तिथे वाडा असे म्हणतात. प्रत्येक वाड्यात अनेक छोटी घरे, त्यांत खोल्या, आणि त्याच आवारात शिक्षकांची कुटुंबे. शिक्षक संध्याकाळी गाडी काढून शहरात निघून जात नाही. दुपारी रसायनशास्त्र शिकवणारा माणूस रात्री अंगणात मुलांना आपल्या बाळाला खेळवताना दिसतो.

एका खोलीत साधारण चौघे राहतात आणि ते शक्यतो वेगळ्या देशांतले असतात. या खोलीत जे घडते ते दोन वर्षांच्या अभ्यासातले सर्वांत अवघड काम आहे, असे निवासी शाळांत काम केलेली माणसे सांगतात. दिवा कधी बंद करायचा, यावर पहिला वाद होतो. एकाला पहाटे उठून नमाज पढायचा असतो, दुसऱ्याच्या घरी तेव्हा संध्याकाळ असते आणि आईचा फोन त्याच वेळी येतो. खिडकी उघडी ठेवावी की बंद, हा प्रश्न थंड देशातल्या मुलाला आणि इंदापूरच्या उन्हात वाढलेल्या मुलाला वेगवेगळा कळतो. मुळशीच्या ऑगस्टमध्ये धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, बुटांवर बुरशी येते, आणि ओले कपडे टाकायला दोरी एकच असते. या दोरीची वाटणी कोणी शिक्षक करून देत नाही. चौघांनी बसून ठरवायचे आणि पाळायचे. न पाळणाऱ्याला बोलायचे कसे, तेही त्यांनीच शोधायचे. घरी एकटी खोली असलेल्या शहरी मुलापेक्षा एका खोलीत आजी, दोन भाऊ आणि अभ्यास हे सगळे सांभाळलेल्या खेड्यातल्या मुलाला हे आधी जमते.

जेवणाच्या बाबतीत मात्र तो मागे पडतो. मेसमध्ये अनेक देशांच्या जिभांना चालेल असा स्वयंपाक करायचा म्हणजे तिखट बेताचे असते. भाकरीची आठवण पहिल्या महिन्यात फार येते. हुरूप कमी होण्याचा तो काळ असतो. जुनी मुले नव्यांना सांभाळून घेतात, ही या शाळांची जुनी पद्धत आहे: दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आवार दाखवायचे, रात्री उशिरापर्यंत जागा असेल तर विचारपूस करायची. मोठ्याने धाकट्याची जबाबदारी घ्यायची आणि पुढच्या वर्षी त्या धाकट्याने नव्या धाकट्याची. मराठी घरात मोठ्या भावंडाकडून हेच अपेक्षित असते, त्यामुळे या भागातल्या मुलीला किंवा मुलाला ही भूमिका शिकवावी लागत नाही.

अभ्यासक्रम इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजे आयबी डिप्लोमाचा. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या प्रयोगांत अटलांटिक कॉलेजचा वाटा होता. विद्यार्थी सहा विषय घेतो: आपली भाषा आणि तिचे साहित्य, एक दुसरी भाषा, समाजशास्त्रांतला एक विषय, एक विज्ञान, गणित, आणि कला किंवा तिच्या जागी आधीच्या गटांतला आणखी एक विषय. सहांपैकी सहसा तीन विषय वरच्या पातळीवर, तीन साध्या पातळीवर. प्रत्येक विषयाला सातपैकी गुण. त्यावर तीन गुण ज्ञानमीमांसा (आपल्याला कळते ते कसे कळते याचा अभ्यास) आणि दीर्घ निबंध यांसाठी, म्हणजे एकूण ४५. डिप्लोमा मिळायला किमान २४ गुण लागतात आणि इतर काही अटी पाळाव्या लागतात. भारतीय विद्यापीठ संघ या डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीची मान्यता देतो. मात्र भारतात अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला जायचे असेल तर विषयांची निवड पहिल्याच आठवड्यात जपून करावी लागते आणि नीट किंवा जेईईची तयारी वेगळी राहते. सीईटीवर डोळा ठेवून बसलेल्या घराने हा मार्ग घेण्याआधी याचा स्पष्ट विचार करावा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी जड जाते. सेमी इंग्रजीतून आलेल्यालाही वर्गात तोंड उघडायला दोन-तीन महिने लागतात. तिथे एक सोय आहे जिची माहिती कमी लोकांना असते. ज्या भाषेचा शिक्षक शाळेत नाही, पण जिच्यात पुरेसे लिखित साहित्य आहे, त्या भाषेचे साहित्य विद्यार्थी शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासू शकतो आणि त्याची परीक्षा त्या भाषेत देऊ शकतो. स्वाहिली, नेपाळी, अम्हारिक बोलणारी मुले हा मार्ग घेतात. आपली भाषा गावात ठेवून यावी लागते, ही भीती त्यामुळे कमी होते. शिकायला आलेल्या मुलाला त्याची भाषा सोडायला न लावणे हे या अभ्यासक्रमाचे मोठेपण आहे, आणि आपल्याकडच्या अनेक इंग्रजी शाळांनी ते घेण्यासारखे आहे.

दीर्घ निबंध हा चार हजार शब्दांचा असतो. विषय विद्यार्थ्याने निवडायचा, पुरावा स्वतः जमवायचा. लोणी देवकरच्या मुलाला विषय शोधायला लांब जायला नको. मुळा नदी मुळशीच्या डोंगरांत उगम पावते. तिचे बरेच पाणी धरणातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळवले जाते. उरलेली नदी पुण्यात मुठेला मिळते, शहराचे सांडपाणी घेऊन भीमेत जाते आणि उजनीत थांबते. भिगवणच्या फुगवट्यात जलपर्णी वाढते, मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यात काय येते ते बदलते, आणि तरी हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्या डोंगरावर तो शिकतो तिथून ज्या गावात तो वाढला तिथपर्यंतचा हा एकच प्रवाह आहे. रसायनशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी कोणत्याही बाजूने तो अभ्यासता येतो. ज्ञानमीमांसेच्या तासाला विचारला जाणारा प्रश्नही इथेच उभा राहतो: पाणी खराब आहे हे कोणाच्या सांगण्यावरून मानायचे, प्रयोगशाळेच्या की रोज त्यात जाळे टाकणाऱ्याच्या?

वर्गाबाहेरचे काम हा या अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. सर्जन, शारीरिक काम आणि सेवा अशा तिन्ही गोष्टी साधारण दीड वर्ष सलग कराव्या लागतात; महिंद्र कॉलेजात या कार्यक्रमाला त्रिवेणी हे नाव आहे. आठवड्यातल्या ठरलेल्या दुपारी मुले खोऱ्यातल्या गावांत, शाळांत जातात. आवाराभोवतीचा डोंगर जैवविविधतेसाठी राखलेला आहे, तिथेही काम असते. नेतृत्व कसे हातातून हातात जाते ते या दुपारी दिसते. वर्गात इंग्रजीत अडखळणारा मराठी मुलगा गावाच्या पारावर पोहोचताच सगळ्या गटाचा आधार होतो. आजीबाईंना नमस्कार कधी करायचा, दारात चपला कुठे काढायच्या, सरपंचांशी आधी बोलायचे की शाळेच्या बाईंशी, हे फक्त त्यालाच माहीत असते. वादविवादात बाजी मारणारी परदेशी मुलगी त्याच्यामागे शांतपणे उभी राहते आणि तो काय करतो ते बघते. एका कामात पुढे असलेला दुसऱ्या कामात मागे चालायला शिकतो. हे दोन वर्षे चालले की नेता म्हणजे कायमचा पुढे उभा असलेला माणूस, ही समजूत गळून पडते.

सेवेच्या या कामात एक धोकाही आहे. गावाला प्रयोगशाळा समजून दर वर्षी नवी तुकडी नवा उत्साह घेऊन येते, फोटो निघतात, आणि मे महिन्यात परीक्षा आली की काम अर्धवट राहते. मुळशीतल्या गावांनी शंभर वर्षांत बाहेरून आलेल्या बऱ्याच योजना पाहिल्या आहेत. काम टिकते ते गावातल्या शिक्षकांनी, महिला बचत गटांनी ते आपले मानले तेव्हा. चांगल्या निवासी शाळेत विद्यार्थ्यांना आधी सहा महिने फक्त ऐकायला लावावे, बोलायला नंतर सांगावे. एवढा संयम सतरा वर्षांच्या मुलाकडे कमी असतो आणि शाळेच्या वेळापत्रकात त्याहून कमी, म्हणून तो मुद्दाम ठेवावा लागतो.

अशा शाळेत काम करणाऱ्या मोठ्या माणसांचा दिवस तासिकांच्या घंटेवर संपत नाही. घरपालकाची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला रात्री अकराला कोण खोलीत नाही ते पाहावे लागते, ताप आलेल्या मुलाला गाडीत घालून पौडला किंवा पुण्याला न्यावे लागते, आणि पहाटे परतून आठच्या तासाला उभे राहावे लागते. एखाद्याच्या देशात युद्ध पेटते, एखाद्याचे वडील दूरवर आजारी पडतात. बातमी येते तेव्हा शेजारच्या पलंगावर शत्रू म्हटल्या जाणाऱ्या देशाचे मूल झोपलेले असते. त्या रात्री कोणताही तास, कोणताही नियम उपयोगी पडत नाही. शिक्षक दोघांसाठी चहा करतो आणि बसून राहतो. स्वयंपाकघरातली, साफसफाईची, बागेची आणि पहाऱ्याची कामे बहुतांशी खोऱ्यातली माणसे करतात. परदेशी मुले मराठीतले पहिले शब्द उचलतात ते यांच्याकडून. या माणसांना मुले नावाने ओळखतात की नाही, यावरून कोणत्याही निवासी शाळेची पारख करता येते, आणि ही पारख सहसा चुकत नाही.

प्रवेशाची पद्धत वेगळी आहे. विद्यार्थी थेट शाळेकडे न जाता बहुतेक वेळा आपल्या देशाच्या राष्ट्रीय समितीकडे अर्ज करतो. जगात अशा समित्या दीडशेहून अधिक देशांत आहेत. भारतातून निवडलेला विद्यार्थी मुळशीत येईल किंवा वेल्स, कॅनडा, जपानमधल्या शाळेत जाईल. गुणपत्रिका पाहतात, पण त्याबरोबर निबंध, गटात काम करायला लावणारी सत्रे आणि मुलाखत असते. शुल्क मोठे आहे. निवड झालेल्या मुलाच्या घरची ऐपत पाहून शिष्यवृत्ती ठरते, आणि ती काही जणांना पूर्ण मिळते, काहींना अंशतः. अमेरिकेतले शेल्बी डेव्हिस यांनी २००० साली सुरू केलेल्या कार्यक्रमातून या परिवारातून बाहेर पडलेल्या मुलांना अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत पुढच्या शिक्षणासाठी मदत होते. महिंद्र परिवाराचे के. सी. महिंद्र एज्युकेशन ट्रस्ट १९५३ पासून शिष्यवृत्त्या देत आले आहे.

तरीही जागा थोड्या आहेत हे सांगितले पाहिजे. नवोदय विद्यालये देशभर साडेसहाशेच्या आसपास आहेत, तिथे शिक्षण, राहणे आणि जेवण मोफत आहे. नववीत त्यांतली काही मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात राहायला जातात. पिंपळे जगतापचा मुलगा हिंदी मुलखात वर्षभर राहतो आणि तिकडची मुले शिरूर तालुक्यात मराठी ऐकत वाढतात. परदेशाचे नाव नसले तरी वेगळ्या माणसांत राहून शिकण्याचा हा सर्वांत मोठा भारतीय प्रयोग आहे, आणि इंदापूर-बारामतीच्या शेतकरी घराला तो अधिक हाताशी आहे. मुळशीची शाळा त्याच्या पुढचे, सोळाव्या वर्षानंतरचे एक दार आहे. दोन्हींकडे एकाच रांगेत पाहावे.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांत आता निवासी सोय असलेल्या इंग्रजी शाळा वाढत आहेत. शाळा पाहायला गेलेल्या पालकांनी आवारातल्या जलतरण तलावाआधी चार गोष्टी विचाराव्यात. मुले ताट स्वतः धुतात का? एका खोलीत कुठकुठली मुले राहतात? शिक्षक आवारात राहतात का? धाकट्या मुलांची जबाबदारी मोठ्यांवर आहे का? आणि या तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना विनंती आहे की मुलांना नवोदय, सैनिक शाळा आणि लातूर यांच्याबरोबर मुळशीच्या या शाळेचीही माहिती एकदा द्यावी. राष्ट्रीय समितीकडे अर्ज करताना घरच्या उत्पन्नाची अट नाही, आणि शुल्काचा आकडा पाहून मागे फिरण्याआधी शिष्यवृत्तीची चौकशी करता येते.